दुर्बिणीतून पित्ताशय काढताना: पहिला ओपीडी कागद, खर्रा आणि नंतरचे पंधरा दिवस

बाबांच्या पित्ताशयात खडे, पुढच्या आठवड्यात नागपूरच्या धंतोलीत दुर्बिणीतून ऑपरेशन, आणि कॅशलेससाठी (म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरावं म्हणून) 'दुखणं कधीपासून?' अशी विम्याची क्वेरी. तुमचं हे वाचलं आणि आमच्या घरी झालेला मनस्ताप जसाच्या तसा आठवला. रक्त, ईसीजी वगैरे तपासण्या हॉस्पिटल करून घेतंच, ते सोडून देतो. मी डॉक्टर नाही. गोळ्यांच्या बाबतीत भूलतज्ज्ञ सांगतील तेच शेवटचं.

आधी तो कागद. विमावाले सगळ्यात जास्त बघतात तो पहिल्या ओपीडीचा कागद. तिथे ज्युनिअर डॉक्टर घाईत विचारतात, पेशंट म्हणतो 'पोटाचा त्रास दोन वर्षांपासून आहे', आणि खड्यांच्या निदानासमोर दोन वर्षं लागतात. तो त्रास खरं तर अ‍ॅसिडिटीचा असतो. पण बहुतेक पॉलिसींत पित्ताशयाच्या खड्यांना दोन वर्षांची प्रतीक्षा असते, म्हणजे तोवर दावा मिळत नाही, आणि दुखणं पॉलिसीच्या आधीचं ठरलं तर 'आजार आधीचा होता, लपवला' म्हणायला ती एक ओळ पुरते. आमच्या प्रकरणात एका कार्यालयाने, नाव लिहीत नाही, हीच ओळ धरून नकार कळवला, तोही फोनवर. लेखी मागितलं तर 'सिस्टिममध्ये आहे' एवढंच. बिल भरल्यावरच पेशंट घरी आला. आजारी माणसाच्या नातेवाइकांना असं फिरवणं मला आजही संतापजनक वाटतं.

म्हणून भरतीच्या आधीच सर्जनकडून त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या: खडे पहिल्यांदा अमुक तारखेच्या सोनोग्राफीत दिसले, आधीचा गॅसचा त्रास वेगळा. सोबत त्या सोनोग्राफीची प्रत. हे खरं असेल तरच बरं का! खोटी तारीख घालून घेतली तर सगळी पॉलिसी धोक्यात येते. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर लपवाछपवीचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यायचं असतं. त्यापुढे उशीर होऊन हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. हॉस्पिटलच्या विमा डेस्कवाले फिरवून राहिले तर अर्ज पाठवल्याची वेळ लिहून ठेवा आणि नकार ईमेलवरच मागा. त्याशिवाय कंपनीचा तक्रार अधिकारी, विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल आणि मग पुण्याचे विमा लोकपाल ही वाट चालणं अवघड जातं. आणखी एक: पॉलिसीत रूमच्या भाड्याला मर्यादा असेल तर त्याहून महाग रूम घेऊ नका. नुसता भाड्यातला फरक कापत नाहीत, डॉक्टरांच्या फीसकट बऱ्याच बिलाला त्याच प्रमाणात कात्री लागते.

आता बाबांचं. तुम्ही लिहिलंय की शुगरची गोळी आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), दोन्ही आहेत. गोळीच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा. ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी शरीरात कीटोन नावाचे आम्ल घटक वाढतात आणि ग्लुकोमीटरवर शुगर नॉर्मल दिसत असल्याने लवकर लक्षातही येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट असेल तर मुळीच नाही.

खर्र्याबद्दल लोक फक्त 'सोडा' म्हणतात. भूल देताना खरी अडचण तोंड उघडण्याची असते. वर्षानुवर्षं सुपारी चघळून गालाच्या आतली कातडी घट्ट होते. बाबांना तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि पुढच्या दातांमध्ये त्यांचीच तीन बोटं उभी जातात का बघा. दोनच जात असतील तर भूलतज्ज्ञाला आधी सांगा, म्हणजे श्वासाची नळी टाकायला लवचिक दुर्बिणीची तयारी ठेवता येते. ऐन टेबलावर कळलं तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागू शकतं.

आपल्या विदर्भात सिकलसेलचंही (रक्ताचा आनुवंशिक आजार) विचारून ठेवावं. घरात कुणाला असेल, किंवा कमी वयातच खडे झाले असतील, तर तपासणी करूनच घ्या. अशा पेशंटला थंडी, पाण्याची आणि ऑक्सिजनची कमतरता, तिन्ही चालत नाहीत.

उपाशी राहण्याची वेळ हॉस्पिटल सांगेल ती पाळा. पण सकाळी 'फक्त चहा' देऊ नका. दूध घातलेला चहा पाण्यात मोजत नाहीत, त्याला जेवणासारखे सहा तास लागतात.

ऑपरेशननंतर पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखला तर घाबरू नका. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, छाती आणि पोटामधल्या पडद्याला त्रास होतो आणि कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत ती जाते. चालणं हाच उपाय, हवं तर खांद्याला शेक. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची. दुखण्याच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल असेल तर बद्धकोष्ठता होते. डॉक्टरांना विचारून पहिल्याच दिवसापासून इसबगोल किंवा लॅक्ट्युलोज सुरू करा, कुंथू देऊ नका.

छिद्रं साधारण चार असतात, त्यातलं बेंबीजवळचं मोठं. तिथेच पुढे हर्निया होऊ शकतो, म्हणून महिनाभर पाच किलोच्या वर काही उचलू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात कुलरमध्ये पाणी घालायची एक बादली पंधरा किलोची होते, आणि घरातला पुरुष जरा बरं वाटलं की पहिलं तेच करायला जातो. घामाने पट्टी आतून ओली झाली तर बदला. हळद, पावडर काही लावू नका. जेवणात पहिले काही दिवस पातळ वरण, मऊ भात, फुलके, थोडंथोडं. सावजी आणि पोह्यांवरची तर्री महिनाभर बंद.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, ताप १०१ च्या वर गेला किंवा उलट्या थांबेनात, तर 'गॅस असेल' म्हणून जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊ नका. थेट ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे न्या. पित्त आत झिरपत असेल तर दिवस वाया घालवणं महागात पडतं.

खडे डबीत घालून तुमच्या हातात देतील. पित्ताशयाची पिशवी कुठे गेली ते मात्र विचारा. ती फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला जायला हवी, कारण क्वचित त्यात कॅन्सर निघतो आणि सोनोग्राफीत तो दिसलेला नसतो. कधी कधी बरणी नातेवाइकांच्याच हाती देऊन लॅबमध्ये पोचवायला सांगतात. तशी दिली तर त्याच दिवशी पोचवा, पावती घ्या, आणि टाके दाखवायला जाल तेव्हा रिपोर्ट सर्जनला वाचायला लावा.