फौजेत चोवीस वर्षं गाडी चालवली, मग बाहेर का टिकेनात?

सातारा जिल्ह्यात फौजी नाही असं गाव सापडणं अवघड. त्यात ड्रायव्हर ट्रेडमधून पेन्शन आलेलेही पुष्कळ. मी समुपदेशक, माझ्याकडे त्यांच्या घरून येणारा प्रश्न ठरलेला असतो. ट्रकवर नोकरी हातोहात मिळते, मग हे दोन महिन्यांत सोडून घरी का बसतात? आळस शिरला का अंगात?

आळस क्वचितच असतो. कोरेगाव तालुक्यातल्या एका हवालदारांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आधी त्यांच्या पत्नी आल्या. “मॅडम, वॉचमनकी नको म्हणतात, ट्रकवर पुन्हा जाणार नाही म्हणतात. दिवसभर घरात परेड चाललीय. पोराच्या चपलेपासून माझ्या कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळ्यात चूक काढतात. घराचं कर्ज फिटायचंय अजून.”

पुढच्या वेळी हवालदारसाहेब स्वतः आले. खुर्चीत ताठ बसले. आर्मी सर्व्हिस कोअर, 24 वर्षांची नोकरी, त्यातली बरीच स्टॅलियन या फौजी ट्रकवर, श्रीनगर-लेह रस्त्यावर. साडेअकरा हजार फुटांवरच्या जोजिला खिंडीतून रसद नेलेला माणूस कळंबोलीच्या ट्रॅफिकला घाबरला, असं गावात कुणीतरी म्हणालं होतं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

“गाडीचं काही नाही हो मॅडम,” ते म्हणाले. “पण इथं ड्रायव्हर झोपला का, हे कुणी विचारतच नाही.”

मग हळूहळू बाहेर आलं. एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे न्हावा शेवाच्या खेपा होत्या. दिवसभर माल भरायची वाट बघत गाडीत बसायचं. संध्याकाळी गाडी भरली की फोन सुरू : कंटेनर पहाटेच्या आत बंदरात पोचलाच पाहिजे. माल पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीला मंजूर वजनापेक्षा, जास्त. ‘वजनकाट्याचं मी बघतो,’ असं शेठ म्हणायचे. पण मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 असा दंड आहे, आणि त्या कलमात गाडी चालवणाराही येतो. हे साहेबांना माहीत होतं, आणि शेठना ते आवडत नव्हतं.

शेवटचा खटका उडाला तो कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या उतारावरून. तिथून नवले पुलापर्यंत डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडायची खोड कितीतरी ड्रायव्हरांना आहे. इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. त्या पुलावरचे अपघात आपण पेपरात वाचतोच. साहेब गाडी गिअरमध्येच उतरवायचे. साहजिकच त्यांचा ॲव्हरेज कमी दिसला आणि भत्त्यातून पैसे कापले गेले. वर ऑफिसातलं पंचविशीतलं पोरगं सगळ्यांसमोर म्हणालं, “ए ड्रायव्हर, मिलिटरी संपली तुझी.” दुसऱ्या दिवशी यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

घरच्यांनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं होतं. त्यामुळे ‘मानापमान फार’ असा शिक्का बसला. मला अपमानापेक्षा आधीचं सगळं महत्त्वाचं वाटलं. त्यांना मी विचारलं, फौजेत स्टिअरिंग सोडून तुमच्या कामात आणखी काय काय होतं? ते बोलत गेले : शेजारी को-ड्रायव्हर, ठरलेले हॉल्ट, मेंटेनन्सला वेगळा वेळ, प्रत्येक किलोमीटर कार डायरीत, रस्ता बंद झाला तर थांबायचा हुकूम देणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा कॉन्व्हॉय कमांडर, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याचा प्रमुख. फौजी गाडीच्या बाणाच्या नंबर प्लेटला नाक्यावर कुणी कागद मागत नाही, हेही हसत सांगितलं. बाहेर यातलं सगळं एका माणसाच्या डोक्यावर येतं आणि वर त्यालाच दोष. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास लिहिलेले होते. रस्त्यावर ते कितीजणांना मिळाले, हे कुठल्याही धाब्यावर विचारा.

तेव्हा ‘ट्रक की घर’ हा प्रश्नच आम्ही बाजूला ठेवला. कुठला ट्रक, कुणाचा, कुठल्या रस्त्यावर, हे ठरवायचं होतं. नोकरी विचारायला गेल्यावर पगाराआधी काय विचारायचं ते त्यांनी स्वतः लिहून काढलं. रात्री गाडी कोण चालवणार? गाडीचं काम निघालं तर त्या दिवसाचे पैसे मिळणार का? जादा माल नाकारला तर काय? दोन ठिकाणी हे विचारताच तोंडं वाकडी झाली. तेही बरंच झालं, तिथं दोन महिने घालवावे लागले नाहीत.

इथं पेन्शनचा उपयोग होतो, आणि तो घरच्यांना पटवणं मला जास्त जड गेलं. बाकीच्या ड्रायव्हरांना वाईट खेप नाकारणं परवडत नाही. यांना परवडतं. ‘पेन्शन आहेच, वर ट्रेलरचे येतील तेवढे येऊ देत’ असा हिशेब घरात झाला, की माणूस पुन्हा त्याच शेठकडे जातो.

शेवटी त्यांनी दुधाचा टँकर धरला. ठरलेला रस्ता, रात्री घरी. पैसे ट्रेलरपेक्षा कमी. त्यावरून घरात आठवडाभर धुसफुस झाली, मग कर्जाचा हप्ता मांडून बघितला, तो बसत होता. कुकरच्या शिट्ट्यांवरचं बोलणं मात्र थांबलेलं नाही. वहिनींनी इतकी वर्षं घर एकटीनं चालवलंय, तिथं यांची नवी जागा कुठली, हे काम अजून चालू आहे.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. झोप उडणं, दचकून उठणं, रमचा पेग रोजचा होणं, हे असेल तर नोकरी बदलून भागणार नाही. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवून घ्या, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला. यांच्या बाबतीत तसं नव्हतं, ते मी आधी तपासलं होतं.

आणि ज्यांचा डिस्चार्ज अजून व्हायचाय त्यांनी शेवटच्या मोठ्या सुट्टीत आरटीओत जाऊन व्यावसायिक लायसन्सची चौकशी करावी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावं. घरी आल्यावर हे करू म्हटलं की पहिले दोन महिने सत्कार, लग्नं आणि जत्रेतच जातात.