काटा माळ्यावर टाकू नकोस

प्रिय मुली,

काल रात्री फोनवर तू एकच प्रश्न तीनदा विचारलास, "मावशी, माझं ऑपरेशन फेल गेलं का गं?" आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. म्हणून लिहितेय, तुझ्या वजन उतरवायच्या ऑपरेशनबद्दल आणि परत चढलेल्या किलोंबद्दल. शिवाय फोनवर तुझी आई मागून "विचार तिला, भात बंद करू का" सुरू करते आणि विषय भातावर जातो.

आधी हिशेब मांडू. आयुष्य बँकेत गेलं, आकडे मांडल्याशिवाय मला काही सुचत नाही. तू होतीस १०४ किलो. स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, झाल्यावर दीड वर्षात ६६ वर आलीस. आज तीन वर्षांनी ७५. म्हणजे ३८ गेले, त्यातले ९ परत आले, २९ अजून गेलेलेच आहेत. तुझी शुगरची गोळी बंद आहे आणि रात्रीचं घोरणं थांबलंय, हे तूच मला दिवाळीत सांगितलं होतंस. याला फेल म्हणायचं असेल तर पास कशाला म्हणतात ते मला कळव.

स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. वजनाचं ऑपरेशन झालेल्या माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यात बायपासवाल्यांचं (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून अन्न आतड्यात पुढे वळवतात ते) वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर स्थिरावलं. १२० किलोचा माणूस धर. आधी ३८ किलो गेले, मग त्यातले आठेक परत आले. ही सरासरी आहे. थोडं परत येणं हा या ऑपरेशनचाच भाग आहे, आणि हे आपल्याला टाके काढायच्या दिवशीच सांगायला हवं होतं. मला कुणी सांगितलं नाही. तुलाही नसावं.

असं का होतं, तेही ऐक. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, उरते केळ्यासारखी नळी. काढलेल्या भागात घ्रेलिन नावाचं भूक लावणारं हार्मोन तयार होतं, म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष भूक कुठे गेली तेच कळत नाही. तो काळ म्हणजे माहेरपण. मग भूक हळूहळू परत येते, नळी थोडी सैलावते आणि शरीर कमी इंधनावर संसार चालवायला शिकलेलं असतं. तुझ्या शरीराच्या दृष्टीने ३८ किलो जाणं म्हणजे दुष्काळच होता, ते साठवायला बघणारच. यात तुझ्या मनाच्या कमकुवतपणाचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

आता माझी गोष्ट. २०१३ साली मी ११८ किलो होते. ऑपरेशननंतर ७१ पर्यंत उतरले, आणि २०१८ मध्ये ८९ झाले. मधल्या काळात मी काय केलं? वजनकाटा जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकला. पुण्याच्या डॉक्टरांकडच्या तारखा दोन वर्षं चुकवल्या. मनात एकच, 'थोडं उतरवू आणि मग जाऊ.' आधी बरं व्हायचं आणि मग डॉक्टरला दाखवायला जायचं, असला उफराटा कारभार. त्या दोन वर्षांतच १२ किलो वाढले. शेवटी गेले ती तळपाय मुंग्या आल्यासारखे बधिर व्हायला लागले म्हणून. बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन तळाला गेलं होतं. व्हिटॅमिनच्या गोळ्या मी काट्याबरोबरच सोडल्या होत्या ना! त्या आपल्याला जन्मभराच्या असतात. वजन कमी असो की जास्त, त्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

डॉक्टर ओरडले नाहीत. कधीपासून वाढायला लागलं, त्या सुमारास काय घडलं, कोणती औषधं चालू आहेत, झोप कशी आहे, एवढंच विचारत राहिले. आई गेल्यावर झोपेसाठी आणि मनासाठी मला एक गोळी सुरू झाली होती. ती भूक वाढवणारी निघाली. ज्यांनी दिली होती त्यांच्याशी बोलून ती बदलली. (तू कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाहीस, हे वेगळं सांगायला लागू नये.) तुझं तर पीसीओडी (बीजांडांचा नि हार्मोनचा तो त्रास) आहे आणि थायरॉइड तपासून दीड वर्ष झालंय. हे आधी बघायचं, भाताचं नंतर.

आणि खाण्याबद्दल. बँकेत माझ्या खणात स्टीलचा डबा असायचा, भाजक्या पोह्यांचा चिवडा. दुपारच्या जेवणात भाकरीचे चार घास आणि उसळ खाल्ली की छातीशी दाटायचं, पाचवा घास उतरत नसे. त्याच पोटात तीन ते सहा चिवडा जायचा आणि काही दाटायचं नाही. डाएटिशियनने सांगितलं म्हणून एकदा तो डबा सकाळी आणि संध्याकाळी तोलून बघितला. १८० ग्रॅम कमी भरला. तेल, शेंगदाणे, डाळं, खोबरं धरून नऊशेच्या आसपास कॅलरी! आणि घरी मी छातीवर हात ठेवून सांगत होते की मी काही खातच नाही. खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं.

कोरडा, घट्ट घास त्या नळीत थांबतो आणि पोट भरल्याचा निरोप देतो. चिवडा, चहात बुडवलेली खारी, आइस्क्रीम, आमरस हे सगळं लगदा होऊन सरळ खाली घसरतं. मी त्याला घसरगुंडीचं खाणं म्हणते. दारूही त्यातलीच. तीत कॅलरी तर आहेतच, शिवाय आपल्याला ती लवकर चढते. जेवताना पाणी प्यायलं तरी तेच होतं, घास वाहून जातो. म्हणून तो जेवणाच्या आगेमागे अर्धा तास पाणी न पिण्याचा नियम. तू तो पाळत नाहीस. गेल्या महिन्यात आमच्याकडे घासागणिक घोट घेत होतीस, मी बघितलंय.

एका बाईंनी मला क्विनोआ आणि ॲव्होकाडोचा छापील कागद दिला होता. त्याची मी पुडी बांधली. आपल्याला दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रोटीन लागतं. दोन अंडी म्हणजे १२, ग्लासभर दूध ८, शंभर ग्रॅम पनीर १८. बघ, अजून कुठे साठ झाले? उसळ, मासे, चिकन, ताक मिळून कसरत करावी लागते. ताटात तेच आधी खायचं, मग जागा उरली तर भाकरी. भात पूर्णपणे बंद करायची गरज नाही, आईला माझं नाव सांग. आणि चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलायचा व्यायाम कर. वजनाबरोबर स्नायूही झडलेत, ते नुसत्या चालण्याने परत येत नाहीत.

तू भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनचं विचारलंस. ते थोतांड नाही. लंडनमध्ये ऑपरेशननंतर मनासारखा उतार न मिळालेल्या ७० जणांवर प्रयोग झाला. २४ आठवडे रोज लिराग्लुटाइड घेतलेल्यांचं वजन जवळजवळ नऊ टक्के उतरलं, नुसतं पाणी टोचलेल्यांचं अर्धा टक्का. आता सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही तशीच नवी इंजेक्शनं आपल्याकडेही मिळतात. पण ते मैत्रिणीच्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणायचं नाही. सोडलं की वजन परत यायला लागतं, त्यामुळे किती दिवस घ्यायचं आणि खर्च झेपेल का, ते आधी ठरवावं लागतं. तुझ्या लग्नानंतर लगेच मूल हवं म्हणतेस ना? सेमाग्लुटाइड त्याआधी किमान दोन महिने थांबवावं लागतं. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नकोस.

दुसऱ्या ऑपरेशनचा विचार सध्या डोक्यातून काढ. स्लीव्हचं बायपास करता येतं, आणि छातीत फार जळजळ असेल तर ते कधीकधी करावंही लागतं. पण दुसऱ्यांदा टेबलावर चढण्यात पहिल्यापेक्षा धोका जास्त. आधी एंडोस्कोपीत नळी कशी आहे ते दिसू दे. आणि ते पाच दिवस नुसतं पातळ पिऊन पोट पुन्हा लहान करायचं जे तुला कुणी पाठवलंय, त्याने जठर लहान होत नाही, फक्त स्वभाव चिडका होतो.

राहिले नातेवाईक. तुझ्या भावाच्या लग्नात कोणी ना कोणी म्हणणारच, "एवढे लाख घातले आणि पुन्हा तशीच?" मला माझ्या नणंदेने भर पंगतीत विचारलं होतं. मी म्हटलं, "तशीच नाही, २९ किलोने कमी आहे. ताट पुढे करू का?" योगायोग बघ, माझाही आकडा तेव्हा २९ च होता. आज मी ७९ वर आहे. ७१ पुन्हा दिसले नाहीत आणि मी आता त्यांची वाटही बघत नाही.

सोमवारी फोन करून डॉक्टरांची तारीख घे. डिस्चार्ज कार्ड, जुने रक्ताचे रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भर, आयुर्वेदिकसुद्धा. तोपर्यंत आठवडाभर जे जे तोंडात जाईल ते वेळेसकट वहीत लिही, साखरेचा चहा धरून. वही मला दाखवायची नाही, डॉक्टरांना दाखवायची. एकटीने काट्यावर चढवत नसेल तर मला तारीख कळव. सांगलीहून पहाटेच्या एसटीने निघाले तर दुपारपर्यंत स्वारगेटला पोचते. आधी मी चढेन, मग तू.

तुझी,
मावशी