माती किती ब्रास मागवावी?

प्रश्न : परभणीत घरापुढच्या ३० बाय २० फुटांच्या जागेत हिरवळ लावायची आहे. सहा इंचांच्या थरासाठी किती माती लागेल?

उत्तर : ६०० चौरस फुटांना अर्ध्या फुटाने गुणल्यास ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास होतात, मात्र ट्रॉलीतून उतरलेली भुसभुशीत माती पाणी पडताच खाली बसते, म्हणून साधारण पाचवा हिस्सा वाढवून ३.६ ब्रास धरावी. ‘ट्रॉली ब्रासभराचीच आहे’ या तोंडी हवाल्यावर मात्र विसंबू नये, आतून टेप लावावा : १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट उंच हौदात काठोकाठ भरूनही ९० घनफूटच माती मावते. मूळ जमीन काळी असेल, तर उन्हाळ्यातल्या भेगा आधी बुजवाव्यात. नाहीतर विकतची माती त्यांतच जिरते.