कॅपिटल अक्षर ऐकून कसे ओळखायचे?

प्रश्न : मी एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो. ईमेल पत्ते, कोड अक्षरागणिक ऐकताना कॅपिटल कोणते ते कळत नाही. आवाज किंचित चढतो म्हणतात, मला तो जाणवत नाही.

उत्तर : एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट), कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबा, स्पीचच्या सेटिंग उघडतील. टॅबने पुढे जात कॅपिटलसाठी पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, किती टक्के बदलायची, त्या चौकटीत या. तिथे मूळ आकडा 30 असतो. 60 करून पाहा. पण काही आवाजांना मधेच पिच बदलता येत नाही, तिथे 100 केले तरी फरक पडणार नाही. मग अक्षराआधी ‘कॅप’ म्हणण्याचा किंवा बीपचा पर्याय टिक करा. वेगाने ऐकणाऱ्याला बीपच बरा, ‘कॅप’चा लवकर कंटाळा येतो.

हे फक्त अक्षरागणिक वाचताना लागू होते. सलग ओळ ऐकताना कॅपिटल कळणार नाही. शिवाय या सेटिंग प्रत्येक सिंथेसायझरसाठी (मजकुराचा आवाज तयार करणाऱ्या प्रणालीसाठी) वेगळ्या साठवल्या जातात. सिंथेसायझर बदलल्यावर ‘सेटिंग गेली’ असे वाटते, ते यामुळेच.