ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट लो व्होल्टेज बाजूने आणि शॉर्ट सर्किट टेस्ट हाय व्होल्टेज बाजूने का घेतात?

फक्त सोयीसाठी, कोणत्याही बाजूने घेतली तरी सिद्धांत बदलत नाही. १ केव्हीए, २३०/११५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर धरा. ओपन सर्किटला (दुसरी बाजू उघडी ठेवून) रेटेड, म्हणजे ट्रान्सफॉर्मरसाठी ठरलेलं पूर्ण व्होल्टेज द्यावं लागतं, मग २३० पेक्षा ११५ व्होल्ट हाताळणं बरं. शिवाय नो-लोड करंट या बाजूला दुप्पट असतो, त्यामुळे अ‍ॅमीटरचा काटा वाचण्याइतका हलतो. शॉर्ट सर्किटला (दुसरी बाजू शॉर्ट करून) रेटेड करंट हवा: हाय बाजूला ४.३५ अ‍ॅम्पिअर, लो बाजूला ८.७. इम्पीडन्स ५% असेल, म्हणजे रेटेड करंटसाठी रेटेड व्होल्टेजच्या ५% लागत असेल, तर हाय बाजूला साधारण ११.५ व्होल्ट पुरतात. लो बाजूने केलंत तर जेमतेम पावणेसहा, आणि इतक्या कमी व्होल्टेजवर व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारं उपकरण) नेमका लावणं म्हणजे कसरतच.

चुका बहुतेक इथे होतात:
- व्हेरिअ‍ॅक शून्यावर न आणता सप्लाय चालू करणं. शॉर्ट सर्किटमध्ये पूर्ण २३० व्होल्ट गेले तर रेटेडच्या सुमारे २० पट करंट वाहू पाहतो. फ्यूज उडाला तर नशीब.
- ओपन सर्किटला साधा वॉटमीटर. पॉवर फॅक्टर फार कमी असल्याने काटा जेमतेम हलतो, म्हणून एलपीएफ (कमी पॉवर फॅक्टरसाठीचा) वॉटमीटर लावा आणि त्याचा गुणक विसरू नका.

एक मात्र लक्षात ठेवा: ज्या बाजूने मोजलं, त्याच बाजूच्या किमती मिळतात. समतुल्य सर्किट काढताना लो बाजूचे रेझिस्टन्स आणि रिअ‍ॅक्टन्स हाय बाजूला नेण्यासाठी इथे ४ ने (२३०/११५ = २, त्याचा वर्ग) गुणावे लागतात, २ ने नाही.