वाचकांचे प्रश्न : रात्रीची वस्ती कशाने सुरक्षित होते?

प्रश्न : गुंठेवारीतल्या आमच्या गल्लीत वर्गणी काढून चार कॅमेरे बसवले. तरी गाड्यांतलं पेट्रोल आणि मोबाइल चोरीला जातातच. फुटेजमध्ये माणूस दिसतो, पण चेहरा ओळखू येत नाही. आणखी कॅमेरे घ्यावेत का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आणखी घेऊ नका, आहेत त्यांच्या जागा बदला. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायचा तर चित्रात दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, लागतात. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. म्हणजे साडेसात मीटरांहून जास्त रुंदी त्यात घेतली की चेहरा पुसट झालाच. बहुतेक ठिकाणी ‘सगळी गल्ली दिसली पाहिजे’ म्हणून कॅमेरा गच्चीवर चढवतात आणि हाती लागते ती टोपी. गल्लीच्या दोन्ही तोंडांना एकेक कॅमेरा अडीच-तीन मीटर उंचीवर, येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे करून लावा. समोरचा दिवा किंवा गाडीचा हेडलाइट थेट भिंगात आला तर चेहरा काळा पडतो, ते रात्री उभं राहून तपासा.

डिस्कचाही हिशेब करा. एक कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने) दिवसाला २१ ते २२ जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांत एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं फुटेज पुसायला लागते. सुटीत गावी गेलेलं कुटुंब पंधरा दिवसांनी परतलं की दाखवायला काही उरलेलं नसतं. लाइट जाते तेव्हाची गंमत अनेकांच्या लक्षात येत नाही : रेकॉर्डर यूपीएसवर असतो, पण कॅमेऱ्यांचा अडॅप्टर साध्या सॉकेटला. मग रेकॉर्डर चालू आणि चित्र काळं. दोन्ही यूपीएसवर घ्या.

अपेक्षाही बेताची ठेवा. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा २०१९ मध्ये आढावा घेतला गेला. कॅमेरे लागलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी दिसले. सर्वाधिक फरक वाहनतळांवर होता. मारामारीसारख्या हिंसक गुन्ह्यांत ठळक फरक पडला नाही.

प्रश्न : भाचा अमेरिकेत आहे. तो म्हणतो, तिथल्या काही भागांत अंधार पडल्यावर जायचं नाही असं सांगतात. आमच्या जालन्याच्या वस्तीत बायका रात्री अकरापर्यंत ओट्यावर बसतात. एवढ्या श्रीमंत देशात असं का?
— एक वाचक, जालना

उत्तर : देश श्रीमंत असला तरी गरिबी काही मोहल्ल्यांत कोंडलेली असते, आणि तिथे बंदूक सहज मिळते. भारतात २०२१ मध्ये २९,२७२ खुनांची नोंद झाली, म्हणजे लाखामागे २.१. अमेरिकेचा त्या वर्षीचा दर याच्या तिपटीहून जास्त होता. देशादेशांची तुलना करताना खुनाचाच आकडा धरावा. चोरी, छेडछाड यांची नोंद कुठे किती होते यात फार तफावत आहे.

पण गरिबी म्हणजे गुन्हा, हे समीकरण आम्हाला मान्य नाही, आणि पुरावाही तसा नाही. शिकागोच्या ३४३ भागांतल्या ८,७८२ रहिवाशांशी बोलून केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. गरिबीचा परिणाम वजा केल्यावरही, जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा होता आणि शाळा बुडवून नाक्यावर उभ्या पोराला कोणीतरी हटकत होतं, तिथे हिंसा कमी आढळली. तुमच्या ओट्यावरच्या बायका नेमकं हेच काम करतात.

दुसरी बाजूही बघा. १९९४ ते १९९८ दरम्यान अमेरिकेतल्या पाच शहरांत सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना कमी गरिबीच्या भागात राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत चिठ्ठी टाकून दिली गेली. बहुतेकांनी जाण्याचं मुख्य कारण सांगितलं ते टोळ्या आणि अमली पदार्थ. तेरा वर्षांच्या आत तिकडे गेलेल्या मुलांची मोठेपणीची कमाई ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. धास्तीत वाढण्याची किंमत पोरं पुढे कितीतरी वर्षं मोजत राहतात.

आणि ओट्याचं फार कौतुकही नको. जे डोळे चोराला बघतात तेच कामावरून उशिरा येणाऱ्या पोरीवरही असतात, आणि घराच्या आतली मारहाण ओट्यावरून ऐकू येऊनही कोणी उठत नाही.

प्रश्न : सार्वजनिक शौचालयाच्या वाटेवरचे दोन दिवे चार महिने बंद आहेत. विजेच्या ऑफिसात गेलो तर पालिकेकडे जा म्हणतात, पालिका उलट पाठवते. मुली रात्री पाणीच पीत नाहीत.
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : या पानावरचा सगळ्यात तातडीचा प्रश्न हाच आहे. रात्री जावं लागू नये म्हणून पाणी तोडणं म्हणजे लघवीच्या संसर्गाला बोलावणं. मुलींना पाणी कमी पिऊ देऊ नका.

टोलवाटोलवीचं कारण असं : बऱ्याच ठिकाणी खांब आणि तार महावितरणची असते, तर दिवा, त्याची देखभाल आणि पथदिव्यांचं बिल पालिकेकडे. म्हणून आधी दोष कुठला ते ठरवा. ओळीतले सगळे दिवे बंद असतील तर टायमर, फ्यूज किंवा तारेचा दोष. मधलेच एक-दोन बंद असतील तर दिवा, ड्रायव्हर (एलईडी दिव्याला वीज पुरवणारा भाग) किंवा जोडणी. तुमचा दोष दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे अर्ज पालिकेच्या विद्युत विभागाला. त्यात खांबावर रंगवलेला क्रमांक, बंद पडल्याची तारीख आणि जवळचं ठिकाण लिहा. पोच घ्या, आवक क्रमांकाशिवाय परत येऊ नका. खांबावर कोणालाही चढवू नका, दिवा बंद असला तरी तारेत वीज असू शकते.

हालचाल झाली नाही तर माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा : देखभालीच्या ठेक्यात दिवा दुरुस्तीची मुदत किती आहे, आणि तुमच्या आवक क्रमांकावर काय कारवाई झाली. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. ठेकेदाराच्या दंडाचं कलम कागदावर आलं की काम हलण्याची शक्यता बरीच वाढते.

नवा दिवा मागताना ‘जास्त वॅटचा’ म्हणू नका. भारतीय मानकात वस्तीतल्या छोट्या रस्त्याला सरासरी ४ लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड धरला आहे. महत्त्वाचा आहे तो सारखेपणा. एकच झगझगीत दिवा लावला की डोळे दिपतात आणि त्यापलीकडचा अंधार आणखी गडद होतो. सहा मीटर उंचीच्या खांबांत १८ ते २४ मीटर अंतर ठीक. साधी कसोटी : चार मीटरवरून समोरच्याचा चेहरा ओळखता आला पाहिजे. ही कसोटी बायकांनी स्वतः चालून घ्यावी. आणि कडुनिंबाच्या फांद्या दिव्याखाली येत असतील तर त्या छाटून घ्या.

न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत २०१६ मध्ये चिठ्ठी टाकून निवडलेल्या जागी दिव्यांचे मनोरे उभारले, तेव्हा रात्री बाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. तिथे गरिबी तशीच होती, उजेड तेवढा बदलला.

शौचालयातही बघा : आतून लागणारी कडी, जाळीत बसवलेला बल्ब, बायकांच्या बाजूला वेगळं दार. सामुदायिक शौचालयात २५ बायकांमागे एक सीट असं स्वच्छ भारतचं प्रमाण आहे. घरं मोजा आणि तो आकडा अर्जात घाला.

प्रश्न : शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कचरा आणि वेडी बाभूळ. संध्याकाळी दारूडे बसतात. उंच भिंत बांधून घ्यावी का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : उंच भिंत नको. तिच्याआड काय चाललंय ते रस्त्यावरून दिसणार नाही. फिलाडेल्फियात ५४१ पडीक प्लॉटांवर प्रयोग झाला. कचरा काढला, जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. गरीब भागांत गोळीबाराच्या घटना २९ टक्क्यांनी कमी झाल्या.

लातूरच्या पाण्यात हिरवळ जगवणं परवडणार नाही. बाभूळ मुळासकट काढा, नुसती तोडली तर पुन्हा फुटते. मुरूम पसरून दाबा. कडुनिंबाची रोपं जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर लावा आणि वाढतील तशा दोन मीटरखालच्या फांद्या काढत जा. कुंपण कमरेएवढं, आरपार दिसणारं. त्याआधी मालकाची लेखी संमती घ्या. तो सापडत नसेल तर पालिकेकडून साफसफाईची नोटीस काढायला सांगा. आणि एक फेरी साफसफाई करून थांबलात तर चार महिन्यांत प्लॉट पुन्हा तसाच. महिन्याला एक रविवार ठरवून ठेवा.

प्रश्न : मुलीचा पाठलाग करणाऱ्याची तक्रार द्यायला गेलो. ‘घटना आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवलं.
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, घटना कुठल्याही हद्दीत घडली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर नोंदवून घ्यावीच लागते. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही. एफआयआरची प्रत विनाशुल्क मिळते, मागून घ्या. नोंदच नाकारली तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आणि तिथेही दखल घेतली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पाठलाग त्याच क्षणी चालू असेल तर अर्जाच्या मागे लागू नका, ११२ लावा.