टीव्हीच्या रिमोटवर फायर स्टिक चालते, मग त्याच टीव्हीला लावलेला पीसी का चालत नाही?

तुम्ही विचारलंय की टीव्हीला फायर स्टिक (यूट्यूब, ओटीटी बघायची अ‍ॅमेझॉनची छोटी कांडी) आणि जुना पीसी दोन्ही एचडीएमआयनं जोडलेत, टीव्हीच्या रिमोटनं स्टिक चालते पण पीसी हलत नाही, आणि वडिलांना माउस जमत नाही. आमच्या घरी कोल्हापुरात मंगळवार पेठेत अगदी हेच झालेलं, आबांसाठी एकेक करून सगळं बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, स्टिकला तुमच्या टीव्हीचा रिमोट दिसतच नाही. ती टीव्हीच्या पाठीमागं लटकलेली असते आणि तिला इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटमधून निघणारा न दिसणारा उजेड, ओळखणारा डोळाच नसतो. तुम्ही बटण दाबलं की ते टीव्हीला दिसतं, आणि टीव्ही एचडीएमआयच्या वायरीतूनच स्टिकला सांगतो की खाली जा, ओके कर. एचडीएमआयला 19 पिना असतात, त्यातली 13 नंबरची पिन ह्याच कामासाठी ठेवलेली आहे, ह्याला सीईसी म्हणतात. सेटिंगमध्ये मात्र प्रत्येक कंपनीनं आपापलं नाव दिलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. आता मुद्दा असा की पीसीच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांत ही सीईसीची सोय दिलेलीच नसते, म्हणजे टीव्ही सांगतोय पण पलीकडं ऐकणारं कोण नाही. त्यामुळं केबल बदलून काही होत नाही. मला एका दुकानात महागातली केबल घ्या, होतंय की, असं सांगितलं आणि मी ती घेऊन आलो, पैसे गेले, तुम्ही तेवढं करू नका.

मग उपाय काय. टीव्हीचाच रिमोट पाहिजे असेल तर यूएसबीचा सीईसी अडॅप्टर मिळतो, पल्स-एट कंपनीचा प्रसिद्ध आहे, तो पीसी आणि टीव्हीच्या मध्ये बसतो आणि कोडी ह्या व्हिडिओ-फोटो बघायच्या सॉफ्टवेअरबरोबर चांगला चालतो, पण आपल्याकडं सहज मिळत नाही आणि महागही पडतो. दुसरं म्हणजे पीसीलाच डोळा लावायचा. फ्लर्क नावाचा यूएसबी रिसीव्हर येतो, त्याला एकेक बटण शिकवायचं, हे बटण म्हणजे वरचा बाण, हे म्हणजे एंटर, आणि पीसीला वाटतं कीबोर्डच लावलाय. पण ह्यासाठी टीव्हीचा रिमोट वापरू नका, कारण बटण दाबलं की पीसीबरोबर टीव्हीही हलतो. घरात बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेयरचा रिमोट असेल तर तो बेस्ट. तो जिवंत आहे का बघायचं असेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडं धरा आणि बटण दाबा, डोळ्याला काही दिसत नाही पण स्क्रीनवर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, म्हणून सेल्फीचा. ठिपका दिसला नाही तर आधी सेल काढून स्प्रिंग बघा, पांढरा चुरा साठलेला असतो, पॉलिश पेपरनं घासला की बरेच रिमोट परत चालू होतात.

तिसरं आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे एअर माउस, म्हणजे हवेत हलवला की कर्सर हलवणारा रिमोट, त्याचा छोटा डोंगल यूएसबीत घातला की झालं. आम्हीही आधी हाच आणला. रविवारी शाहू स्टेडियमवरची मॅच यूट्यूबला लाईव्ह होती, आबांच्या हातात दिला, तर त्यांचा हात जरा थरथरतो आणि ह्याच्यात हाताची हालचाल ओळखणारा जायरोस्कोप, त्यामुळं कर्सर नुसता स्क्रीनभर पळायला लागला, प्लेच्या बटणावर थांबेचना. दोन मिनिटं बघितलं त्यांनी आणि रिमोट गादीवर ठेवून म्हणाले, तूच लाव. मला लई वाईट वाटलं बघा. माणसाला 40 वर्षं फुटबॉलची आवड आणि स्वतःच्या घरात मॅच लावायला पोराची वाट बघायची.

तेव्हा समजलं की नुसता रिमोट बदलून भागत नाही, समोरची स्क्रीनसुद्धा बाणांवर चालणारी पाहिजे. विंडोजचा डेस्कटॉप माउससाठी बनवलाय, तिथं चार बाण आणि ओके घेऊन माणूस हरवतो. म्हणून मी पीसीवर कोडी टाकलं. हे मुळात एक्सबॉक्स ह्या गेम खेळायच्या यंत्रासाठी बनलेलं, 2014 पर्यंत नावही एक्सबीएमसी होतं, त्यामुळं सगळं बटणांवरच चालतं, बाण, एंटर आणि मागं जायला बॅकस्पेस, एवढ्यात सगळं होतं. त्याचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका म्हणजे पीसी चालू झाला की थेट कोडीच उघडेल. एअर माउसवर कर्सर बंद करायचं बटण असतं, ते दाबून ठेवलंय, आता नुसते बाण चालतात.

यूट्यूब आणि ओटीटी मात्र स्टिकवरच ठेवा, पीसीवर त्याच्या मागं लागू नका, कोडीत यूट्यूबचं अ‍ॅडऑन (वरून जोडायचा भाग) बसवायला एपीआय की, म्हणजे गूगलकडून घ्यायचा कोड, वगैरे भानगडी आहेत. आमच्याकडं मॅच स्टिकवर, आणि लग्नाचे व्हिडिओ, फोटो, आबांच्या जुन्या कॅसेटी कॉपी करून ठेवल्यात त्या पीसीवर, अशी वाटणी केली तेव्हापासून कोणाला हाक मारायला लागत नाही.

डोंगलची एक अडचण सांगतो. तो निळ्या यूएसबी 3 पोर्टात घातला तर बटणं मध्येच चुकतात, कारण त्या पोर्टाचा आणि त्यात लावलेल्या हार्डडिस्कचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो, आणि डोंगलही तिथंच बोलतो. साधी यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल टीव्हीच्या पुढं आणा, फरक लगेच कळेल. आणि पीसी शटडाऊन न करता स्लीपमध्ये ठेवा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगल कीबोर्ड म्हणून दिसतो, त्याच्या पॉवर मॅनेजमेंटला जाऊन वेक करायची परवानगी द्या, मग रिमोटचं बटण दाबलं की जागा होतो, वडिलांना वाकून कॅबिनेटचं बटण शोधायला नको.

स्टिकचा स्वतःचा रिमोट कधी ऐकेनासा झाला तर घाबरून नवीन घेऊ नका, सेल बदला आणि होमचं बटण 10 सेकंद दाबून ठेवा, परत जोडला जातो. तोपर्यंत मोबाइलवर फायर टीव्हीचं अ‍ॅप चालतंय, फक्त दोन्ही एकाच वायफायवर पाहिजेत.